घासलेले दहा डबे

हसायचं असेल तर हसा, पण शेवटी हसा. मधेच हसलात तर मी गप्प बसेन. वर्गात मला तेवढंच नीट जमतं.

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या निसर्ग मंडळातल्या आम्ही आठ जणी सरांबरोबर आंबोलीच्या जंगलात बेडूक मोजायला गेलो. आमच्या कोरड्या मुकुंदवाडीची मुलगी अन् असं जंगल! झाडांवर शेवाळ, शेवाळावर थेंब, थेंबाखाली बेडूक. तोही नखाएवढा! मी बघतच राहिले.

त्याहून जास्त बघत राहिले सविताताईकडं. ती तिथं बेडकांवर पीएचडी करते. पैठणजवळच्या खेड्यातली, वडील अजून मेंढरं राखतात. घरच्या ओसरीवर चालावं तशी ती निसरड्या दगडांवरून चालायची आणि पानाआडचा बेडूक लांबूनच दाखवायची.

"तो बघ. दिसंना व्हय? एकेक पान बघू नको. कळप बघतात तसं सगळं मिळून बघ."

आणि खरंच दिसायचा!

ताईच्या काहीतरी उपयोगी पडावं, असं मला फार वाटायचं. पण तिला विचारायचं धाडस कुठून आणू?

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई सरांना घेऊन ओढ्याकडं गेली. मी मुक्कामाच्या घरामागं फिरत होते, तर झाडांच्या बुंध्यांशी प्लॅस्टिकचे दहा डबे दिसले. गढूळ पाण्यानं भरलेले, आणि आत काहीतरी काळं वळवळतंय!

आता तुम्हाला माहीत नाही, पण शाळेच्या डेंगू पथकाची मी प्रमुख आहे. आमच्या गल्लीतला एकही कूलर, एकही ड्रम माझ्या नजरेतून सुटत नाही. मला ताईची दयाच आली. दिवसभर बेडकांमागं पळते बिचारी, स्वतःच्या दारातले डास दिसले नाहीत!

पण पाणी फेकायचं कसं? आमच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. पाणी नुसतं मातीत ओतायला माझा हात होत नाही. मी दहाही डबे एका बादलीत रिकामे केले, बादली संडासात नेऊन ठेवली, आणि डबे मातीनं घासून, विसळून ओळीनं पालथे घातले. असे चकचकीत, की आईनंही नाव ठेवलं नसतं.

दुपारी घरामागून ताईची हाक आली. "सर! लवकर या!"

सगळ्या धावलो. ताई डब्यांपुढं उभी. चेहरा उतरलेला.

"तीन आठवडे झाले, रोज मोजतेय. कोणत्या डब्यात बेडकीनं अंडी घातली, किती टॅडपोल निघाले, किती वाढले... सगळं गेलं, सर."

टॅडपोल! म्हणजे ती बेडकांची पिल्लं होती, डासांच्या अळ्या नव्हत्या.

"माकडांचं काम असणार," सर म्हणाले.

"माकडं डबे पालथे घालतात व्हय?"

"अन् घासून बी?" माझी मैत्रीण आस्मा वाकून बघत म्हणाली. "काय बी म्हणा ताई, माकड लई सफाईवालं! आमच्या अम्मीला पायजेच असं एक."

सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले! विश्वास बसतो? तोंड उघडावं तर आवाज फुटेना. सर मुंगसाचं नाव घेत होते, खेकड्याचं घेत होते, वाऱ्याचंही घेतलं. प्रत्येक नावाला मी मान डोलावत होते.

"तुम्ही माकड पकडा," आस्मा म्हणाली, "मैं आई संडास से."

संडास! बादली!

मी सुटले. पोचेपर्यंत आस्मानं आतून कडी लावलेली. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. "आस्मा! पाणी टाकू नको! त्यात ताईची पीएचडी आहे!"

नववीपर्यंतच्या आयुष्यात मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते.

"क्या हुआ गे?" दार उघडलं. आस्माच्या हातात भरलेलं टमरेल, टमरेलात तीन टॅडपोल. माझ्या मागं ताई, सर आणि अख्खं निसर्ग मंडळ.

"मी केलं," मी म्हणाले. "मला डास वाटले. पण पाणी फेकलं नाही, ताई. आमच्याकडं फेकत नाहीत."

आता ही मला मिळेल त्या एसटीनं घरी पाठवणार, असं मी धरूनच चालले. ताई बादलीशी उकिडवी बसली. वाकून पाण्यात बघू लागली.

"आमचे अण्णा मेंढरं मोजताना कुंपणाच्या फटीतनं दोन-दोन सोडतात," ती मला म्हणाली. "धर ते टमरेल. हळू वाकव."

दोन-दोन करत मोजले. सकाळी मोजले होते तेवढेच भरले. सगळे जिवंत! पण कोणता कोणत्या डब्यातला? ताई एकेकाचा आकार, रंग, शेपूट बघून सांगू लागली. "हा तिसऱ्यातला. हा तुटक्या शेपटीचा सातव्यातला." मला तर सगळे सारखेच दिसत होते. सात डबे जुळले. तीन काही केल्या जुळेनात.

"अंदाजानं टाका की," सर म्हणाले. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल ना, सर."

आणि तिनं वहीतल्या त्या तीन डब्यांच्या नोंदींवर सरळ रेघ मारली. तीन आठवड्यांची मेहनत होती ती. तरी माझ्यावर आवाज चढला नाही. असं मोठं माणूस मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितलं.

रेघ मारली की कारण लिहावं लागतं म्हणे. त्यासाठी वहीत एक रकाना होता, 'पिल्लांचे शत्रू'. त्यात आधीच्या तीन नोंदी होत्या: खेकडा, पाणसाप, चतुराची अळी. ताईनं खाली चौथी लिहिली:

'शाळकरी मुलगी, एक. स्वभावानं लाजाळू. साचलेलं पाणी दिसताच हल्ला करते.'