अर्ध्यात राहिलेली अंगाई

प्रभाकर, गुडघा कसा आहे? शैलाताई, ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं आता नीट दिसते ना वं? दिगंबर, खोकला गेला का गा?

आज प्रताप नगरात माझ्या घरी आपली बैठक झाली. माधवनं व्हायोलिनवर यमन वाजवला, मग स्वतःची नवी रचना. तबल्यावर मी. शेवटी नेहमीसारखी अंगाई धरली. तुम्हाला ठाऊकच आहे, अर्ध्यात आम्ही वाद्यं थांबवतो आणि पुढची तुम्ही सगळे गाता.

आज थांबलो, तर खोलीत नुसता पंख्याचा आवाज. ऐकायला शेजारचं नवीन जोडपं तेवढं होतं. त्यांना वाटलं, संपलं. बिचाऱ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

माधव हळूच म्हणाला, "भाऊ, कोणासाठी थांबून राहिलो गा आपण?"

त्यानं व्हायोलिन पेटीत ठेवलं. चहासुद्धा घेतला नाही.

तुमच्यापैकी कोणी पुन्हा येईल, असं आता खरंच वाटत नाही. तरी लवकर लिहा. येणं जमणार नसेल तर तेही लिहून टाका, म्हणजे पुढच्या वेळी आम्ही थांबणार नाही.