प्रेमलाबाईंचं तरस

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात वाघासमोर जेवढी झुंबड असते तेवढी तरसासमोर असती, तर प्रेमलाबाईंना बसायला बाक मिळाला नसता. पण तरसाकडे कोण ढुंकून बघतंय! लोक यायचे, नाक मुरडायचे, "ई, कसलं घाण आहे," म्हणायचे आणि पट्टेदार साहेबांच्या दर्शनाला धावायचे. त्यामुळे तो बाक जवळजवळ बाईंच्या मालकीचाच झाला होता.

त्यांचं सासर तिथून हाकेच्या अंतरावर. गाव पुण्यात गेलं असं कागदोपत्री म्हणतात. खरं म्हणजे पुणंच गावावर चालून आलं. जिथे पूर्वी कांदा निघायचा तिथे आता सकाळी गळ्यात पट्टे अडकवलेली कॉम्प्युटरवाली पोरं निघतात. जमीन बिल्डरला गेली, गोठा मोडला, म्हशींना बाजार दाखवला. पहाटे उठायची सवय तेवढी कुणी विकत घेईना. घरात मूलबाळ नाही. नव्या बंगल्याच्या फरशा पुसून झाल्या तरी दिवस पुढे सरकायचा नाही. मग एकदा सहज म्हणून बाई तिकीट काढून आत गेल्या आणि पुढे जातच राहिल्या.

ते तरस पिल्लू असताना डोंगरातल्या एका विहिरीत पडलं होतं. वर काढलं तेव्हा आईचा पत्ता नव्हता. मागचा पाय थोडा ओढायचं. बाईंना ते पहिल्या दिवशीच आवडलं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कुणी जाळीतून वेफर टाकायला गेलं की त्या बाकावरूनच ओरडायच्या, "ए भाऊ, ते तुझ्या घरी न्हेऊन तुझ्या पोराला घाल!" तिथल्या कार्यालयातली उत्कर्षा मॅडम हसून म्हणायची, "काकू, आम्हाला वेगळा रखवालदार नको."

आप्पासाहेब, म्हणजे बाईंचे यजमान, माणूस म्हणून वाईट नव्हते. बायकोवर कधी आवाज चढवला नाही. पण भावकीच्या तोंडाला ते भलतेच भ्यायचे. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर बाईंनी पुण्यातल्या एका अनाथाश्रमातली मुलगी दत्तक घ्यायचं मनात धरलं होतं. तिच्यासाठी पिवळा फ्रॉकही घेतला होता. आप्पासाहेब एवढंच म्हणाले, "अगं, पर भावकी काय म्हणंल?" विषय तिथेच मिटला. फ्रॉक शेजारच्या पोरीच्या अंगावर गेला. बाई त्यावर परत कधी बोलल्या नाहीत आणि विसरल्याही नाहीत.

तर अशा या आप्पासाहेबांची साठी आली. जमिनीच्या पैशाने गळ्यात जाड साखळी आली होती, दारात पांढरी गाडी आली होती. राहिला होता तो फक्त फ्लेक्स. प्राणिसंग्रहालयातला प्राणी वर्षभरासाठी दत्तक घेता येतो, त्याचा खाण्यापिण्याचा खर्च आपण उचलायचा आणि पिंजऱ्यापुढे आपल्या नावाची पाटी लागते, हे त्यांना बायकोकडूनच कळलेलं. बाईंच्या मनात काय होतं ते त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या मनात लगेच वाघ आला. चौकात तीन मजली फ्लेक्स चढला: 'वाघाला दत्तक घेणारा ढाण्या वाघ!' खाली आप्पासाहेब आणि वाघ गालाला गाल लावून. भावकीला आवतणं गेली, पेढे आले, हलगीवाले ठरले. आधी प्राणिसंग्रहालयात विचारून यावं, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आमच्याकडे फ्लेक्स आधी छापतात, बाकीचं मागून होतं.

वाढदिवसाला गाड्यांची रांगच लागली. हलगी फाटकावरच अडवली गेली, कारण जनावरं बिथरतात. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेली भावकी कार्यालयाच्या दारात दाटली आणि आप्पासाहेब प्रेमलाबाईंना घेऊन आत शिरले.

"वाघ गेला," उत्कर्षा म्हणाली.

"गेला? कुठं?"

"कुठं नाही, पिंजऱ्यातच आहे. दत्तक गेला. हिंजवडीच्या एका कंपनीने घेतलाय. सिंहही गेला. आपण आधी चौकशी केली असती तर बरं झालं असतं."

आप्पासाहेबांचा चेहरा साफ पडला. बाहेर चौकात ते वाघाच्या गालाला गाल लावून उभे होते आणि इथे वाघ कंपनीवाल्यांचा.

"मग ऱ्हायलंय काय?" धाकटा चुलतभाऊ भीमराव दारातून मान घालत म्हणाला.

"हरणं आहेत, मोर आहे. तरस आहे, त्याला आजवर कुणी घेतलेलं नाही."

"आपण तरस घेऊ," प्रेमलाबाई म्हणाल्या.

भीमराव उडालाच. "वहिनी, अवो ते मसणातलं जनावर! आख्ख्या तालुक्यात हसू हुईल. दादा, भावकी काय म्हणंल?"

आप्पासाहेबांनी सवयीने मान हलवली. ती हललेली मान बाईंनी पाहिली, आणि इतक्या वर्षांचा गिळलेला घास वर आला.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण दारापर्यंत पोचला. "भावकी काय म्हणंल म्हणून तवा घर रिकामं ठिवलंत. म्या कधी काय बोलले का? आज ह्या मुक्या जिवाला बी भावकीला इचारूनच पोसायचं का?"

आप्पासाहेब साखळीशी चाळा करत उभे राहिले. बाईंना वाटलं, संपलं, आता हे घरी चला म्हणतील. त्यांनी पदर सावरलाही.

"मॅडम," आप्पासाहेब म्हणाले, "तरस लिहा. आन पाटीवर नाव हिचं टाका. माझं नगं."

"दादा, पर..."

"भीमा, पेढे वाट."

मग सगळी भावकी तरसापुढे जाऊन उभी राहिली. तरस पाय ओढत बाहेर आलं, त्या पांढऱ्या कपड्यांकडे बघून त्याने सावकाश जांभई दिली आणि पाठ फिरवून सावलीला आडवं झालं. प्रेमलाबाई पोट धरून हसल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही, इतका आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता.

तालुका महिनाभर हसला आणि दुसऱ्या विषयाकडे वळला. फ्लेक्स उतरवून घरी आणला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाई गच्चीत कुरडया घालू लागल्या. खालच्या अंगाला आप्पासाहेब आणि वाघ अजून तसेच गालाला गाल लावून.

पुढच्या उन्हाळ्यात त्या अशाच कुरडया घालत असताना आप्पासाहेबांचा मोबाइल वाजला. कंपनीने वाघ सोडला होता. उत्कर्षा विचारत होती, आपली पहिली पसंती वाघाला होती, तर यंदा नाव लावू का?

आप्पासाहेबांनी बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही.

"न्हाई मॅडम. वाघाला काय, कुणीबी घेईल. आमचं लेकरू आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

बाईंचा साचा हातातच थांबला. त्या घरात हा शब्द आजवर दुसऱ्यांच्या पोरांसाठीच वापरला गेला होता. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले.

"चला," त्या म्हणाल्या, "ऊन चढलं की ते आत जाऊन बसतं."

आप्पासाहेब आधीच चपला शोधत होते.