दोन बोज्यांमधला रविवार

आमच्या घरातल्या माणसाला सगळं हॉस्पिटल लिफ्टमास्तर म्हणतं, म्हणून मीही इथे तेच लिहिते. समोर मात्र 'अहो'. हॉस्पिटलच्या तीन लिफ्टा मास्तरांच्या ताब्यात होत्या. त्यातली तिसरी कपड्यांच्या गाड्यांची. लग्नाआधी मी एकदा तिच्यात अडकले होते, मळक्या चादरींच्या ढिगासकट. मास्तरांनी दार फाकवून मला हात धरून बाहेर काढलं. धुलाईखात्यातल्या बायका अजून विचारतात, मग सुटलीस का गं? मी म्हणते, कसली सुटतेय, अडकले ती अडकलेच.

धुलाईखात्याची इस्त्रीची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. मोठाल्या गरम रुळांतून चादर बाहेर येते, दोघींनी दोन टोकं धरायची, एकमेकींकडे चालत जायचं, घडी घालायची, पुन्हा मागे. दिवसभर हेच चालतं. माझी जागा खिडकीकडची, आणि ती मी कुणाला देत नाही. कारण तिथून डोंगर दिसतो, आणि डोंगरावरचा जुना रस्ता. खालून बोगदा झाल्यापासून बस, ट्रक, सगळी वाहतूक बोगद्यातून जाते. वरच्या रस्त्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. डांबर केव्हाच गेलं, उरली नुसती खडी. तरी दुपारी कधीतरी एखाद्या गाडीची काच चमकते, वळणं घेत घेत वर सरकते आणि वरच्या खिंडीत दिसेनाशी होते. पलीकडे काय आहे ते इकडून दिसत नाही. मला त्या पलीकडचं वेड लागलं होतं. विचारलं तर लोक सांगायचे, काही नाही हो, तिकडेही डोंगरच आहे. असेना का! मला तो बघायचा होता.

मास्तरांची यंत्रखोली गच्चीवर, आमच्याही वर. आम्ही डबा तिच्या उंबऱ्यात बसून खायचो. मास्तर तोंडातला घास संपवून त्या रस्त्याकडे बघत म्हणायचे, "जन्मभर वर-खाली केलं मी. पुढे म्हणून कुठे गेलोच नाही. आपण दोघं एकदा जाऊ तिकडे."

हे 'एकदा' कित्येक वर्षं चाललं. मुलगी शिकली, नोकरीला परगावी गेली, आणि मास्तर एका शनिवारी जुन्या स्कूटरची बॅटरी आणायला म्हणून गेले ते हातात गुळगुळीत कागदाचं पुस्तक घेऊन आले. पुस्तकात एक उंचच उंच मोटरसायकल चिखलात, वाळूत, दगडांत उभी. पुढे चोचीसारखं मडगार्ड, बाजूंना लोखंडी पेट्या. अॅडव्हेंचर मोटरसायकल म्हणतात हिला, मास्तरांनी मला समजावलं, हिला रस्ता लागतच नाही. मी म्हटलं, पैसे तरी लागत असतील ना?

लागत होते, आणि ते आमच्याकडे नव्हते. पण शोरूममधला विक्रेता मोठा गोडबोल्या. त्याने आम्हाला गार पाणी दिलं, कर्जवाल्याच्या टेबलाशी नेऊन बसवलं, आणि हप्ता अशा काही आवाजात सांगितला की जणू तो आमच्यावर उपकारच करतोय. पाच वर्षांचं कर्ज, जामीन मी. माझी उंची बेताची. मागच्या सीटवर बसून बघा म्हणाला, तर माझा पाय वर जाईना. "काकू, इथे पाय ठेवा आणि घोड्यावर बसल्यासारखं बसा." मी म्हटलं, "बाबा, मी घोड्यावर तरी कधी बसलेय?" सगळे हसले. तिसऱ्या खेपेला बसले एकदाची, आणि त्या उंचीवरून शोरूमच्या काचेबाहेरचा रस्ता दिसला. लहान मुलीसारखी हरखले मी. खोटं कशाला सांगू, सही मी मास्तरांपेक्षा आधी केली.

गाडी घरी आली आणि आठ दिवसांनी तिचं नोंदणीचं पुस्तक आलं. मास्तर चष्मा लावून ते वाचायला बसले. मालक म्हणून त्यांचं नाव होतं. खाली आणखी एक ओळ होती, बोजा, आणि पुढे बँकेचं नाव. कर्जाच्या सगळ्याच गाड्यांवर ते असतं. मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे आपली नाही अजून."

"अहो, तुमच्या दारात उभी आहे. किल्ली तुमच्या खिशात आहे!"

"तसं नव्हे. फेडून होईपर्यंत ती त्यांची. आपण वापरतोय."

इथे आमचं घोडं पेंड खायला लागलं. मास्तर जन्मले ते भाड्याच्या खोलीत आणि वाढले ते भाड्याच्या खोल्यांत. सासूबाईंनी कधी भिंतीला खिळा मारू दिला नाही, घर दुसऱ्याचं म्हणून. पाहुण्यांना सुद्धा भिंतीला टेकू द्यायच्या नाहीत, डाग पडेल. दुसऱ्याची वस्तू आपल्यापेक्षा जपायची, हे मास्तरांच्या हाडीमाशी भिनलेलं. शेजाऱ्याची शिडी आणली तर पुसून परत करणारा माणूस हा. बँकेची मोटरसायकल तो खडीवर घालणार होय?

दर रविवारी आम्ही निघायचो. मी डबा भरायची, हेल्मेट घालायची, पायरीवर पाय ठेवून घोड्यावर चढायची. गावाबाहेर तलावापर्यंत गुळगुळीत डांबरी रस्ता आहे, तिथवर जायचो. तलावाच्या पुढे डावीकडे एक फाटा फुटतो. तोच तो खिंडीचा रस्ता. फाट्यावर खडी दिसली की मास्तर वेग कमी करायचे, दोन्ही पाय टेकवून गाडी थांबवायचे आणि वर बघत बसायचे. मीही बघायची. मग गाडी वळायची.

"अहो, जाऊ या की जरा वर."

"दगड उडून टाकीला लागला तर?"

"लागू दे! त्या दगडांसाठीच तर घेतली ना?"

"बोजा उतरू दे. मग बघ, पार पलीकडे नेतो तुला."

माझं डोकं फिरायचं. घरी येईपर्यंत मी त्यांच्या पाठीशी एक शब्द बोलायची नाही, आणि हेल्मेटमुळे ते त्यांना कळायचंही नाही. गाडी मात्र त्यांनी तळहातावरच्या फोडासारखी जपली. साखळीला तेल, टायरात हवा, वर कापडी आवरण. आमच्या चाळीतली पोरं तिला 'बँकेची म्हैस' म्हणायची. मास्तरांना राग यायचा नाही. बरोबरच आहे, म्हणायचे, बँकेचीच आहे.

मी चिडायची हे खरं, पण मी थांबलेही. सगळा दोष त्यांच्या माथी मारणार नाही. मलाही वाटायचं, रस्ता कुठे पळून जातोय? इस्त्रीच्या रुळांपाशी उभी राहून मी मनातल्या मनात त्या वळणांवरून इतक्या वेळा गेले होते की कुठे उजवीकडे झुकायचं ते मला ठाऊक होतं. वर पोचल्यावर हेल्मेट काढायचं, वारा लागू द्यायचा, मग सावकाश पलीकडे बघायचं. घाई करायची नाही, असंसुद्धा ठरवून ठेवलं होतं मी. बाई माणसाला कशाची म्हणून ओढ लागेल, सांगता येत नाही.

चौथ्या वर्षी मास्तरांचा हात गेला. गेला म्हणजे आहे, पण असून नसल्यासारखा. लिफ्टच्या दाराच्या यंत्राचा पट्टा बदलताना त्यांनीच घाई केली, वीज तोडली नाही, आणि डावा पंजा चाकात सापडला. हाडं जुळली. दोन बोटांत मात्र जोर परत आला नाही. पेला धरता येतो, सदऱ्याची बटणं लावता येतात. मोटरसायकलचा क्लच डाव्या हाताने दाबायचा असतो, आणि या गाडीचा क्लच म्हणजे काय खेळ आहे का? तलावापर्यंत जाऊन आलो एकदा. परतल्यावर त्यांनी हात पाण्यात बुडवून ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा दिवस जाऊ दे."

दिवस गेले. हप्तेही गेले. गाडी आवरणाखाली उभी राहिली. हॉस्पिटलने मास्तरांना लिफ्टमधले कॅमेरे दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसून राहायचं काम दिलं. शेवटचा हप्ता भरून झाला तेव्हा ते बँकेत गेले, वाहन नोंदणीच्या कचेरीत गेले, आणि येताना सांगत आले, "शुक्रवारी बोजा उतरवून देतायत. आणि मी गिऱ्हाईक बघितलंय."

"कसलं गिऱ्हाईक?"

"उभ्या उभ्या सडून जाईल गं ती. कुणीतरी चालवू दे."

त्या दिवशी मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि तरी थांबता येत नव्हतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मला बघवत नाही ती तशी उभी." मग मीही गप्प झाले, कारण मलाही बघवत नव्हतं.

गिऱ्हाईक म्हणजे पोहण्याच्या तलावावर शिकवणारी एक उंच मुलगी. केस अजून ओलेच होते तिचे. आवरण काढताच ती खाली बसली, टायर बघितले, टाकीवर हात फिरवला, किती चालली तो आकडा बघितला आणि आनंदाने ओरडलीच, "काका, अहो ही तर नवीच आहे!"

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. कौतुकच करत होती बिचारी. मास्तर हसल्यासारखं करून किल्ली शोधायला घरात गेले. किल्ली त्यांच्या खिशातच होती. मी चहाचं निमित्त केलं आणि ओट्यापाशी पाठ करून उभी राहिले.

मुलीने टोकन दिलं. तिचंही कर्जच होतं. सोमवारी तिच्या बँकेचा माणूस येणार, कागद होणार, आणि पुस्तकावर तिच्या बँकेचा बोजा चढणार.

शुक्रवारी आमचा उतरला. मधे उरला शनिवार, तो पावत्या गोळा करण्यात गेला. आणि रविवारी सकाळी बघते तर मास्तर बादली आणि फडकं घेऊन गाडी धूत बसलेले. दुखऱ्या हाताने आरे पुसत होते एकेक.

"अहो, आज तिच्यावर कुणाचाही बोजा नाही. काढा बाहेर."

"टोकन घेतलंय आपण. आता तिची आहे ती. काही झालं तर काय तोंड दाखवू?"

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे पाच वर्षं बँकेची, आणि ज्या दिवशी सुटली त्या दिवशी दुसऱ्याची! आमची कधी होणार होती ती? मी फोन घेतला, त्या मुलीला लावला आणि मास्तरांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"अगं, उद्या नेशीलच तू गाडी. आज आम्ही तिला खिंडीकडे नेली तर चालेल का? काका म्हणतायत तुझी आहे, तुला विचारायला हवं."

ती खळखळून हसली. "काहीतरीच काय काकू! गाडी तुमचीच आहे. मला काय विचारता? जा की!"

मास्तर फडकं हातात धरून तसेच उकिडवे बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "तुमचीच आहे म्हणाली."

"आणि मी इतकी वर्षं काय म्हणत होते?"

मास्तर उठले, हात पुसले आणि हेल्मेट आणायला गेले.

फाट्यावर मास्तर थांबले नाहीत. गाडी खडीवर गेली आणि दगड तडातड टाकीखाली लागू लागले. मला भीती वाटत होती आणि मी हसत होते. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. खाली हॉस्पिटल काडेपेटीएवढं झालं. मास्तर मोठ्याने काहीतरी म्हणाले, वाऱ्यात ऐकू आलं नाही, पण सूर खुशीचा होता. किती वर्षांनी ऐकला तो सूर!

पण प्रत्येक वळणावर क्लच दाबायचा होता. आधी ते बोटांनी दाबत होते, मग सगळ्या पंजाने, मग कोपर अंगाशी घट्ट धरून. एका चढाच्या वळणावर क्लच सुटला, गाडी आचके देऊन बंद पडली. मास्तरांनी दोन्ही पाय रोवून ती सावरली. हातमोजा काढला आणि डावा हात मला दिसू नये असा टाकीच्या पुढे धरला. मला दिसायचा तो दिसला.

वर फक्त दोन वळणं उरली होती. खिंड समोर होती, दोन दगडी कड्यांच्या मधे उघडं आकाश. एवढ्या जवळून मी ती कधी पाहिली नव्हती.

"जरा दम घेऊ, मग जाऊ," मास्तर म्हणाले. "हे काय, आलंच."

चालत जाऊन येते, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांना तिथे हात चोळत बसवून मी एकटीने जाऊन बघायचं? आणि गाडीने वर जायचं, तर आणखी दोन वळणं चढून परतीची सगळी वळणं त्याच हाताने उतरायची होती.

"अहो, माझी कंबर भरून आलीय या धक्क्यांनी," मी म्हटलं. "बास झालं. फिरवा मागे."

मास्तरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझी कंबर जन्मात कधी दुखली नाही, आणि हे माझ्याइतकंच त्यांनाही माहीत आहे.

"बरं," ते म्हणाले. पाय टेकत टेकत, जपून, त्यांनी गाडी वळवली. उतारावर लावताना म्हणाले, "पुढच्या वेळी पार वरपर्यंत जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती मुलगी किल्ली घ्यायला येणार होती.

"जाऊ की," मी म्हटलं, आणि हेल्मेटची काच खाली ओढून, त्यांना कळणार नाही अशा बेताने, घर येईपर्यंत रडून घेतलं.