शेंदूर लागलेली उल्का

"सर, नारळ फोडू का?" आबांनी विचारलं, म्हणून मी टेबलाकडे पाहिलं. थाळीतल्या दगडाला तेल चोपडलं होतं. वर शेंदूर.

दगड अक्रोडाएवढा. अंटार्क्टिकाच्या बर्फावर सापडलेली उल्का. ती सापडली होती आमच्या शिरपूरच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनीला, वैशालीला. मी भूशास्त्र शिकवतो. तिच्या प्रबंधासाठी उल्केचा वर्ग ठरवायचा, म्हणून मी ती तिच्या संस्थेकडून माझ्या सहीवर मागवली होती. नमुना खराब झाला, तर वैशालीला पुढचा मिळणार नव्हता. हे मी प्राचार्यांना नीट समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उल्केचा सत्कार ठेवला. दोंडाईच्याहून पाहुणे येणार, म्हणजे दगड स्टेजवर हवाच. मीही तो बंद पिशवीतून काढून थाळीत मांडला आणि चहाला गेलो. शहाणा मीच.

"आबा, हे कुणी केलं?"

"मीच, सर. वरथून उना हाऊ. देव नई ते काय शे?"

आबा आमचे शिपाई. त्यांच्या शिवारात बांधावरच्या दगडालाही शेंदूर मिळतो. आभाळातून आलेल्याला उपाशी ठेवणं त्यांना पटलं नाही.

प्राचार्य म्हणाले, "धुऊन टाका. रिपोर्टमध्ये लिहू नका."

"पाण्यानं आतलं लोखंड गंजेल, सर."

"मग पुसा."

वैशालीला फोन केला. तिनं एवढंच विचारलं, "सर, तेल आत किती गेलं असेल?" मला खरंच रडू यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी दगड कापला, पाणी न वापरता, जीव मुठीत धरून. उल्केला जळलेली काळी साल असते. तेल सालीच्या आत नखाच्या जाडीएवढं शिरलं होतं. गाभा कोरडा होता. त्याची चकती प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ घासली. याला थिन सेक्शन म्हणतात. मायक्रोस्कोपखाली खसखशीएवढे गोल दाणे दिसले, ते कॉन्ड्रूल. ते असले की दगडी उल्का कॉन्ड्राइट ठरते. दाण्यांच्या कडा पुसट होत्या, म्हणजे दगड कधीकाळी खूप तापून निघाला होता. लोखंडाचं मोजमाप पुण्यात झालं, ते कमी भरलं. वर्ग ठरला एल-सहा: एल म्हणजे कमी लोखंड, सहा म्हणजे खूप तापलेली. उल्कांमधला अगदी नेहमीचा माल. एवढ्यासाठी पाहुण्यांनी पाऊण तास भाषण केलं होतं.

रिपोर्टमध्ये मी स्वच्छ लिहिलं: 'बाहेरून तेल व शेंदूर, सत्कारप्रसंगी.' प्राचार्य महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेवढाच आराम.

मग संस्थेचं पत्र आलं. वर्गीकरण मान्य. वैशालीला पुढचे नमुने मिळतील, पण आमच्या कॉलेजला यापुढे एकही दगड पाठवला जाणार नाही. मी पत्र दोनदा वाचलं आणि मला बरं वाटलं. बर्फात हजारो वर्षं त्या दगडाला काही झालं नव्हतं, कारण तिथे सत्कार समिती नाही.