डॉलरचं स्वस्त कर्ज

अकोल्याच्या एमआयडीसीत आमची डाळमिल आहे. मशीनचं मोठा भाऊ पाहतो, बँकेचं मी. रंगावरून डाळ निवडणारं मशीन परदेशातून आणायचं ठरलं, तेव्हा बँकेचा साहेब स्वतः मिलवर आला. प्लेटभर भजी खाऊन तेलकट बोटं आमच्याच टेबलाच्या कडेला पुसत म्हणाला, "रुपयात कशाला, डॉलरमध्ये कर्ज घ्या. व्याज कितीतरी कमी."

भाऊ म्हणाला, "साहेब, आमची डाळ तं रुपयातच इकते. उद्या डॉलर महाग झाला तं?"

डॉलरचा भाव आधीच बांधून ठेवता येतो, त्याला कव्हर म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. मी त्याचा खर्च विचारला. साहेब हसला. "कव्हरचा खर्च धरला तर कर्ज रुपयातल्याइतकंच महाग पडेल, मॅडम. मग फायदा काय? आणि रुपया काय पळून चाललाय?"

माझं मन घेत नव्हतं. भाऊ म्हणाला, "एवढा मोठा मानूस, कायले खोटं सांगन?" आम्ही दोघांनी सह्या केल्या.

मशीन उत्तम निघालं. रुपया मात्र घसरत गेला. डॉलरमधला हप्ता ठरला तेवढाच, पण तो भरायला दर वेळी जास्त रुपये लागायला लागले. व्याजात वाचलेलं सगळं त्यातच गेलं, वर पदरचंही गेलं. त्यात बँकेने तूर खरेदीच्या आमच्या रुपयातल्या कर्जाचाही दर वाढवला. मी तडक बँकेत गेले.

"तुमचं डॉलरचं कर्ज उघडं आहे, कव्हर नाही," साहेब शांतपणे म्हणाला. "अशा खात्यात बँकेला धोका जास्त. दर वाढवावाच लागतो, नियम आहे."

"कव्हर नको म्हणून तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"मी सुचवलं, मॅडम. सही तुमची आहे."

आणि टूथपिकने दात कोरत त्याने मला त्याच बँकेचा विमा घेणार का म्हणून विचारलं. समोरचा चहा तसाच ठेवून मी उठले.

शेवटी रुपया पडलेला असतानाच, तोटा सोसून ते कर्ज आम्ही रुपयात बदलून घेतलं आणि खातं दुसऱ्या बँकेत नेलं. तिथला दर काही कमी नाही, पण तो पहिल्या दिवशी तोंडावर सांगितला. अमरावतीला गोदाम घ्यायचं होतं, ते राहिलं.

साहेबाला त्याच वर्षी बढती मिळाल्याचं कळलं. भावाला सांगितलं, तर तो म्हणतो, "जाऊ दे न बाई. त्याले बी वरून टार्गेट असते, तो काय करन?"

या समजूतदारपणाची मला त्या साहेबाहून जास्त किळस आली. त्या दिवशी मी डबा न उघडताच घरी गेले.