सुलेमानच्या किटल्या

व्यायाम करणारे चार जण जमले की घामापेक्षा गप्पाच जास्त गळतात! आमच्या मांडवीच्या कंपूत तर किस्स्यांचा ढीग झालाय. त्यातले सुलेमानच्या किटल्यांचे तेवढे सांगतो. ते आठवले की अजून अंगावर काटा येतो.

सुलेमान बोटीवर नोकरीला. दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. सुट्टीवर येताना त्याने बंदरावरच्या जुन्या बाजारातून कडीवाले तीन लोखंडी गोळे आणले. आठ, बारा आणि सोळा किलोंचे. "केटलबेल म्हणतात," तो म्हणाला. आम्ही तिची किटली केली! ज्याला हवी त्याने घरी न्यायची. नियम एकच: "पाच वेळा डोक्यावर न्या. श्वास तुटला नाही, तरच ती तुमची."

*

आमच्या कंपूतल्या बंड्याने नियम ऐकलाच नाही. थेट सोळाची नेली. दुसऱ्या दिवशी मान वाकडी!

"बायकोला वाटलं मी रुसलोय," तो म्हणाला. "दोन भाज्या केल्यान तिने!"

*

जोशी सर, रिटायर्ड मास्तर. आमच्यासमोर बाराची आरामात उचलून घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "वजन चुकलंय. येऊन बघा."

गेलो. त्यांच्या मधल्या खोलीत किटली मलाही गुडघ्यापर्यंत उचलेना! फरफटत अंगणात आणली. तिथे एकदम हलकी.

"सर, या खोलीत कोण असायचं?"

"भाऊ. अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होता." सर जरा थांबले. "मी अंगणातच व्यायाम करीन."

*

आठाची माझ्याकडे होती. उचलली की उजव्या हाताची करंगळी बधिर पडायची, खाली ठेवली की ठीक. वाटलं, माझीच पकड चुकतेय. बंड्याला दिली. त्याचीही करंगळी!

सुलेमानला सांगितलं. तो बघतच राहिला. "ज्याने विकली, त्याला ती करंगळीच नव्हती रे. पण मी हे कुणालाच बोललो नाही!"

*

हमीदा चाची म्हणजे सुलेमानची आई. तो लहान असतानाच त्याचे वडील नाटे बंदराजवळ समुद्रात गेले, ते सापडलेच नाहीत. चाचीने एकटीने त्याला वाढवला.

त्या सुट्टीत ती घसरून पडली. प्लास्टर निघालं, पण उजव्या हाताने तांब्याही उचलेना. सुलेमानची बोटीची तारीख जवळ आलेली. "हिला अशी टाकून कसा जाऊ?" तो म्हणाला.

डॉक्टरांनी हलकं वजन उचलायला सांगितलेलं. मी पाण्याची अर्धी बाटली पुढे केली. चाचीने ती बाजूला सारली.

"ती मोठी दे." तिने बंड्याने परत केलेल्या, कोपऱ्यातल्या किटलीकडे बोट केलं.

"चाची, सोळा किलो आहे ती!"

तिने बसल्या जागेवरून हात खाली नेला आणि किटली सावकाश खांद्यापर्यंत वर आणली. त्याच दुखऱ्या हाताने! कपाळावर आठी नाही.

सुलेमान ओरडला, "अम्मी, सोड! हात मोडेल!"

"मोडेल कसा?" चाची हसली. "मी एकटी कुठं उचलतेय? तुझ्या बापाने खालून हात लावलाय ना."

सुलेमानने किटली झटकन काढून घेतली. तिचं बूड ओलं होतं. चाचीचे दोन्ही तळहात कोरडे.

त्याने ओलं बोट जिभेला लावलं, तर खारट! मग किटली परत तिच्या खुर्चीपाशी ठेवली, आणि ठरल्या तारखेला बोटीवर गेला.