परत बोल आक्का

आक्कांना मान हलवलेली चालत नसे. शिरोलीच्या कारखान्यात कुणी नवी पोरगी सांगितलेलं ऐकून नुसती मान डोलावू लागली, की आक्का कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "मान बैलबी हलवतोय. तोंडानं बोल. काय सांगितलं म्या?" पोरगी अडखळत सगळं परत बोलून दाखवायची. मगच आक्का बाजूला व्हायच्या. त्यामुळं त्यांचं नावच पडलं परत बोल आक्का.

ओतकामाच्या साच्यात पोकळी राहावी म्हणून वाळूचा गाभा बसवतात. आम्ही त्याला कोअर म्हणायचो. वाळूत तेल आणि काकवी मळून बायका ते कोअर थापायच्या, मग भट्टीत भाजायच्या. नीट भाजला नाही आणि आत ओल राहिली, तर वितळलेलं लोखंड पडताच साचा उसळायचा. म्हणून सकाळची तुकडी दुपारच्या तुकडीच्या ताब्यात काम देताना आक्कांचा एक रिवाज असे. देणारीनं भाजलेल्या कोअरच्या रॅकवर हात ठेवून सांगायचं, घेणारीनं त्याच रॅकवर हात ठेवून परत बोलायचं. "सांगणारीचं काम अर्धं. ऐकणारी बोलली की पुरं." सुरुवात नेहमी सगळ्यांत लाजाळू बाईपासून. "मोठ्या तोंडाची आदी बोलली, की बाकीच्या तिच्या मागनं मेंढरं," हे त्यावरचं त्यांचं स्पष्टीकरण.

साहेबांनाही सुटका नव्हती. एकदा ते येऊन घाईघाईत काहीतरी सांगून निघाले. आक्का आडव्या. "साहेब, म्या काय ऐकलं सांगू का?" त्यांनी सांगितलं, आणि साहेबांच्या लक्षात आलं की नकाशा आपणच उलटा वाचलाय. साहेब हसले. पण कपाळाला आठी पडली, ती मी पाहिली.

आणि मी कोण? मी सुपरवायझर! पस्तिशीची, इस्त्रीची साडी, पर्समध्ये दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं. कारखान्यानं मला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. विषय होता गटात संवाद कसा साधावा. हॉटेलात गार हवेत बसून मी दोन दिवस माना हलवल्या, दोन्ही दिवस गुलाबजाम दोनदा घेतले आणि एक फाईल घेऊन परतले. फाईलमध्ये होतं : एकदाच सांगा, स्पष्ट सांगा, लेखी सांगा. मला वाटलं, ब्रह्मज्ञान झालं.

दुसऱ्याच आठवड्यात मी फळा टांगला. चार रंगांचे खडू. रॅकभोवतीची ती बडबड बंद, सूचना फळ्यावर वाचायची. आक्का फळ्याकडं बघत राहिल्या. "अक्षर झ्याक हाय गं तुझं," म्हणाल्या. "पर फळ्याला इचारायचं कसं?" पोरी हसल्या. मला ते हसणं फार लागलं. अशी मी शहाणी!

खंडेनवमी आली. सगळ्यांनी आपापली हत्यारं, साचे, भट्टी पुसून हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी सकाळी मधेच वीज गेल्यानं चौथा रॅक वरून तांबूस आणि आतून ओला राहिला होता. मी फळ्यावर लाल खडूनं लिहिलं : चौथा रॅक वापरू नये. दुपारी सुटायच्या आधी सकाळच्या तुकडीतल्या पोरी माझ्याकडं आल्या. "म्याडम, तुमचं हत्यार फळा. त्याचीबी पूजा करूया की! वर सरस्वती काढतो." मी अशी फुलले म्हणून सांगू! "पुसा की, त्यात काय," म्हटलं. पोरींनी ओल्या फडक्यानं फळा लख्ख पुसला, सरस्वती काढली, झेंडूची माळ घातली.

दुपारच्या तुकडीला आक्का आल्या. सवयीनं चौथ्या रॅकवर हात ठेवून म्हणाल्या, "ह्येचं काय?" मी पेढा तोंडात टाकून पर्स उचलत होते. "आक्का, किती वेळा सांगायचं? फळ्यावर बघा," म्हणाले आणि निघाले.

संध्याकाळी पाचला चौथ्या रॅकचे कोअर बसवून ओतकाम झालं. साचा उसळला. ओतणाऱ्या सदाशिवचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

दसरा झाल्यावर साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. मला विचारलं, "सूचना दिली होती?"

"फळ्यावर लिहिली होती, साहेब."

यात एक शब्द खोटा नव्हता. साहेब आक्कांकडं वळले. "मग तुम्ही वाचली कशी नाही?" फळा पुसणाऱ्या पोरी शेजारीच उभ्या होत्या, पदर चावत. आक्कांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बराच वेळ पाहिलं. मी काय ते बोलावं म्हणून वाट बघत होत्या. मी मान खाली घातली.

"पाळी माझी हुती," आक्का म्हणाल्या.

आठवडाभरात त्यांना काढलं. पुढं आमच्या विभागात कुणी परत बोलत नसे, विचारतही नसे. "व्हय म्याडम" म्हणायचं आणि जे चुकत असेल ते चुकू द्यायचं. वर्षअखेरीस मला शिस्तबद्ध विभाग म्हणून प्रमाणपत्र मिळालं. मी ते चौकटीत बसवून घेतलं. अजून आहे, माळ्यावर. नातीनं विचारलं तर सांगते, रांगोळीचं बक्षीस.

सातआठ वर्षांनी कागलला गेले. आक्का लेकीकडं राहत होत्या, ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. "ये की, बस," म्हणाल्या. मी बसले आणि वाटेत पाठ केलेलं सगळं बोलले. फळा मीच पुसायला सांगितला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी उत्तर दिलं नाही. साहेबांपुढं मला तोंड उघडायला हवं होतं. आक्का ऐकत होत्या. शेंगा फुटत होत्या.

"च्या घे, निवतोय," त्या म्हणाल्या.

मी चहा घेतला. वाट बघितली. शेवटी उठले, आणि दारात न राहवून त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "आक्का, काय सांगितलं मी?"

त्यांनी सुपातली टरफलं पाखडली.

"यष्टी चुकंल तुझी," म्हणाल्या.

यष्टी मिळाली. बसायला जागासुद्धा मिळाली.